"दहावी आली" म्हणजे नेमकं काय? ललिता बाबर आणि स्टीपलचेसचं गणित

१५ ऑगस्ट २०१६. संध्याकाळचे पावणेआठ वाजत आले होते आणि आमच्याकडे टीव्हीसमोर शेजारपाजारची माणसं गोळा झाली होती. रिओ ऑलिम्पिकमधली महिलांची ३००० मीटर स्टीपलचेसची फायनल सुरू होणार होती आणि त्यात सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, मोही गावची ललिता बाबर धावणार होती. साडेनऊ मिनिटांच्या आत सगळं आटोपलं. ललिता दहावी आली. शेजारचे काका चप्पल शोधत उठले आणि म्हणाले, "दहावी? मग काय उपयोग!"

काकांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. क्रिकेट बघणाऱ्या माणसाला जिंकणं आणि हरणं एवढं दोनच माहीत असतं. मला मात्र त्यांना धड उत्तर देता आलं नाही, कारण खरं सांगायचं तर ती शर्यत मलाही अर्धीमुर्धीच कळली होती. बायका पळतात, मध्येच लाकडी ओंडक्यावरून उड्या मारतात, मध्येच डबक्यात पडतात, हे कशासाठी? पुढे मी या शर्यतीच्या मागे लागलो. काकांना द्यायचं राहिलेलं उत्तर आता देतो आहे. जरा लांबेल.

आधी नावाचं बघू. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच निमुळता मनोरा. १७५२ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोन घोडेस्वारांनी बटव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत पैज लावून घोडे पळवले, अशी गोष्ट सांगितली जाते. लांबून मनोरा दिसतो, त्याच्या रोखाने जायचं. वाटेत कुंपण आलं तर ओलांडायचं, ओढा आला तर उडी टाकायची. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी घोडे काढून टाकले आणि स्वतःच पळायला लागले. शेत गेलं, ट्रॅक आला. कुंपणाचा लाकडी अडथळा झाला आणि ओढ्याचा पाण्याचा खड्डा. आजही ट्रॅकवर हा खड्डा बघितला की वाटतं, एवढ्या गुळगुळीत स्टेडियममध्ये कुणीतरी शेताचा एक तुकडा विसरून गेलंय.

पुरुषांची ३००० मीटर स्टीपलचेस १९२० पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. बायकांची कधीपासून? २००८ पासून. मधली ८८ वर्षं ही शर्यत बायकांना झेपणारच नाही असं जणू गृहीतच धरलं होतं. अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक स्पर्धेत ती २००५ मध्ये आली, एशियन गेम्समध्ये २०१० मध्ये. म्हणजे १९८९ साली ललिताचा जन्म झाला तेव्हा ज्या शर्यतीने पुढे तिचं नाव होणार होतं, ती मोठ्या स्पर्धांत बायकांसाठी अस्तित्वातच नव्हती. बीजिंगला पहिल्या ऑलिम्पिक फायनलमध्ये रशियाच्या गुलनारा गालकिनाने ८ मिनिटं ५८.८१ सेकंदांत विश्वविक्रम केला, तेव्हा ललिता १९ वर्षांची होती आणि लांब पल्ल्याच्या सपाट शर्यती पळत होती.

आता शर्यतीची रचना. ३००० मीटर म्हणजे ट्रॅकच्या सात पूर्ण फेऱ्या आणि वर एक तुकडा. हा तुकडा सुरुवातीलाच पळून घेतात आणि त्यात अडथळे नसतात, म्हणजे सुरुवातीच्या गर्दीत कुणी कुणावर कोसळू नये. त्यानंतर प्रत्येक फेरीत पाच अडथळे. त्यातला चौथा पाण्याचा. सातही फेऱ्यांचे मिळून २८ कोरडे अडथळे आणि सात वेळा पाणी, एकूण ३५.

१०० किंवा ४०० मीटरच्या हर्डल्स आपण पाहिलेल्या असतात. तिथल्या हर्डलला पाय लागला तर ती आडवी पडते, धावणारी पुढे जाते. स्टीपलचेसचा अडथळा पडत नाही. तो ८० ते १०० किलोंचा असतो, जवळजवळ चार मीटर रुंद, आणि वरची पट्टी चौकोनी, सुमारे पाच इंच जाडीची. बायकांसाठी त्याची उंची ७६.२ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या घरातल्या जेवणाच्या टेबलाएवढी. टेबलावरून उडी मारायची, ती पस्तीस वेळा, पळता पळता. आणि टेबलाला गुडघा लागला तर हलणार आपण, टेबल नाही.

शिवाय इथे प्रत्येकीला वेगळी लेन नसते. पंधरा-सोळा जणी एका घोळक्यात त्याच अडथळ्यावर येतात. पुढचीच्या पाठीमुळे अडथळा दिसतच नाही, शेवटच्या दोन-तीन पावलांत एकदम समोर उभा राहतो. हर्डल्सच्या शर्यतीत दोन अडथळ्यांमधली पावलं मोजून बसवलेली असतात. इथे ती चैन नाही. घोळक्याचा वेग बदलला की पावलांचा हिशेब बदलतो, त्यामुळे डावा पाय पुढे येईल की उजवा हे आधी सांगता येत नाही. म्हणून चांगल्या स्टीपलचेसरला दोन्ही पायांनी सारखीच उडी मारता यावी लागते. एकाच पायाची सवय असलेली धावपटू अडथळ्याआधी पावलं आखडते, आणि तिथेच तिचा वेळ सांडतो.

पाण्याचा खड्डा हा तर स्वतंत्र प्रकार आहे. समोर अडथळा, त्याच्या पलीकडे पाणी. खड्ड्याची लांबी अडथळ्यासह ३.६६ मीटर. अडथळ्याच्या पायथ्याशी तो सर्वांत खोल असतो आणि तळ उतरणीसारखा वर वर येत शेवटी ट्रॅकला मिळतो. याचा अर्थ जितकी लांब उडी, तितकं कमी पाणी. बहुतेक बायका इथे एक पाय अडथळ्याच्या पट्टीवर रोवतात, त्यावरून स्वतःला पुढे ढकलतात, एक पाय उथळ पाण्यात टेकवतात आणि दुसरा पाय थेट बाहेर कोरड्यात टाकतात. पहिल्या दोन फेऱ्यांत हे फार देखणं दिसतं. पाचव्या-सहाव्या फेरीत मांड्या दगड झालेल्या असतात, उडी तोकडी पडते, धावणारी खोल पाण्यात उतरते आणि तिथून वर चढून पुन्हा वेग पकडायचा म्हणजे विहिरीतून बादली ओढण्यासारखं होतं. एव्हाना बूट भिजून जड झालेले असतातच.

खड्डा चुकवता येत नाही. २०१७ च्या लंडन जागतिक स्पर्धेत केनियाच्या बिअ‍ॅट्रिस चेपकोएचची पहिल्याच पाण्याच्या अडथळ्याकडे वळायची जागा हुकली आणि ती सरळ ट्रॅकवरून पुढे निघून गेली. लक्षात आल्यावर मागे फिरली, उडी मारली, आणि घोळका गाठायला पळत सुटली. एवढं होऊनही ती चौथी आली. पुढच्याच वर्षी मोनॅकोत तिने ८ मिनिटं ४४.३२ सेकंदांचा विश्वविक्रम केला. २०२४ मध्ये बहरीनच्या विनफ्रेड यावीने त्याला जवळजवळ हात लावला, ८:४४.३९. सात शतांश सेकंदांनी हुकला.

आता मुख्य गणित. अडथळ्यांची किंमत किती? महिलांच्या सपाट ३००० मीटरचा विश्वविक्रम ८:०६.११ आहे, चीनच्या वांग जुन्शियाचा, १९९३ सालचा. (त्या काळातल्या चिनी विक्रमांकडे बरेच जण संशयाने बघतात, पण पुस्तकात तोच आहे.) स्टीपलचेसचा ८:४४.३२. फरक ३८ सेकंदांचा. ३५ अडथळ्यांनी भागलं तर दर अडथळ्यामागे एक सेकंद आणि वर थोडं. जगातल्या सर्वोत्तम बाईलाही प्रत्येक अडथळा साधारण सेकंदभर मागे ओढतो. साधारण धावपटूला दीड-दोन सेकंद ओढत असणार. आणि इथेच या शर्यतीची मेख आहे. समजा तुम्ही दर अडथळ्यावर अर्ध्या सेकंदाहून थोडी कमी, म्हणजे ०.४ सेकंद बचत करायला शिकलात. तर ३५ अडथळ्यांवर १४ सेकंद वाचले, आणि फुप्फुसं तीच, पाय तेच! सपाट शर्यतीत १४ सेकंद कमी करायला काही जणांची अख्खी कारकीर्द जाते.

स्टीपलचेस पाहताना आपलं लक्ष उडीकडे जातं, पण वेळ जातो तो उडीच्या आधीच्या तीन-चार पावलांत आणि नंतरच्या तीन-चार पावलांत. आधी बिचकून वेग मंदावला की गेला, टेकल्यावर तोल सावरत बसलं की गेला.

हे डोक्यात ठेवून ललिताकडे येऊ.

माण तालुका साताऱ्याच्या पूर्वेचा. महाबळेश्वरला पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माणमध्ये चारा छावण्या लागतात, असा हा भाग. ललिता तिथल्या शेतकरी कुटुंबातली. २००५ मध्ये पुण्यात २० वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिने सुवर्ण मिळवलं, तेव्हापासून तिची ओळख लांब पल्ल्याची धावपटू अशीच होती. मुंबईकरांना ती माहीत झाली मॅरेथॉनमुळे. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये ती भारतीय महिलांत पहिली आली. "माणदेशी एक्स्प्रेस" हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

आता इथे कुणीही म्हणेल की बाई, मॅरेथॉनमध्ये बस्तान बसलंय, तिथेच रहा. पण हॅट्‌ट्रिक झाल्या झाल्या, २०१४ च्या सुरुवातीलाच, तिने स्टीपलचेस धरली. वय २४. कारण सरळ होतं: तिला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत देशासाठी पदक हवं होतं, आणि आशियात मॅरेथॉनमध्ये ते मिळण्याची शक्यता फार धूसर होती. भारतीय महिलांसाठी स्टीपलचेसमध्ये मात्र वाट आधीच पडलेली होती. रायबरेलीच्या सुधा सिंगने २०१० च्या ग्वांगझू एशियन गेम्समध्ये, तिथे महिलांची ही शर्यत पहिल्यांदाच झाली तेव्हा, ९:५५.६७ वेळेत थेट सुवर्ण आणलं होतं. ललिताच्या यशाची गोष्ट सांगताना सुधाला पुष्कळदा वगळतात, ते बरोबर नाही. आधी रस्ता तिने केला, आणि पुढे हिच्या शेजारी पळत हिला थांबूही दिलं नाही.

मॅरेथॉनवरून स्टीपलचेसवर येणं वाटतं तितकं विचित्र नाही. नऊ-साडेनऊ मिनिटांची शर्यत मुख्यतः दमसासाच्या जोरावरच पळली जाते, आणि दमसास ललिताकडे वर्षानुवर्षं साठलेला होता. कमी होती ती वेगाची आणि अडथळ्याच्या तंत्राची. वेगातला फरक आकड्यांत बघा: तिची मॅरेथॉनमधली गाजलेली वेळ २ तास ३८ मिनिटं २१ सेकंद, जानेवारी २०१५ ची. म्हणजे किलोमीटरला ३ मिनिटं ४५ सेकंद. रिओच्या पात्रता फेरीत तिने किलोमीटरला ३ मिनिटं ७ सेकंदांहूनही कमी घेतले, आणि मध्ये ते पस्तीस अडथळे. गंमत म्हणजे ती २:३८:२१ ची मॅरेथॉन तिने स्टीपलचेस धरल्यानंतर पळलेली आहे. त्या दिवशी मुंबईत ओ. पी. जैशा पहिली, ललिता दुसरी आणि सुधा तिसरी आली. या तिघींचा गुरू एकच, बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव.

स्नेसारेव कडक म्हणून प्रसिद्ध होते. शिबिरं बंगळुरूला आणि उटीला. उटी का, तर ती समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत दर श्वासामागे प्राणवायू कमी मिळतो, म्हणून शरीर काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढवतं. खाली उतरल्यावर त्या वाढीव पेशी काही दिवस कामाला येतात. केनियाच्या धावपटूंना हे घरबसल्या मिळतं, कारण त्यांची गावंच तेवढ्या उंचीवर आहेत. आपल्याला त्यासाठी घरापासून महिनोन्‌महिने लांब राहावं लागतं.

सप्टेंबर २०१४, इंचिऑन एशियन गेम्स. स्टीपलचेसमधलं पहिलंच वर्ष. बहरीनची रूथ जेबेट, जन्माने केनियन, ९:३१.३६ मध्ये पुढे निघून गेली. तिच्या मागे तिघी अगदी अंगाला अंग लावून आल्या. चीनची ली झेंझू ९:३५.२३, ललिता ९:३५.३७, सुधा ९:३५.६४. ललिताचं रौप्य ०.१४ सेकंदांनी गेलं आणि सुधाचं कांस्य ०.२७ सेकंदांनी. मग नाट्य. जेबेटने ट्रॅकच्या आतल्या कडेच्या आत पाय टाकला म्हणून तिला बाद केलं, आणि काही वेळ भारताच्या नावावर रौप्य आणि कांस्य दोन्ही दिसायला लागलं. बहरीनने अपील केलं, निर्णय फिरला, ललिताकडे कांस्य राहिलं आणि सुधाच्या हातातून गेलं. ९:३५.३७ हा नवा राष्ट्रीय विक्रम होता. सुधाचाच विक्रम मोडून केलेला.

२०१५ च्या जूनमध्ये वुहानला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ललिताने ९:३४.१३ मध्ये सुवर्ण घेतलं. ऑगस्टमध्ये बीजिंगची जागतिक स्पर्धा. तिथे हीटमध्ये, म्हणजे फायनलआधीच्या पात्रता फेरीत, ९:२७.८६, पुन्हा राष्ट्रीय विक्रम, आणि फायनल. या शर्यतीच्या जागतिक फायनलमध्ये भारतीय बाई पहिल्यांदाच पोचली होती, आणि ती आठवी आली, ९:२९.६४.

या बीजिंगच्या फायनलपाशी मला जरा रेंगाळायचंय, कारण काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. ती शर्यत जिंकली केनियाच्या हायविन कियेंगने, आणि तिची वेळ होती ९:१९.११. जगज्जेतेपदाच्या मानाने ही संथ वेळ. सगळ्या एकमेकींवर डोळा ठेवून पळत राहिल्या, वेग कुणीच लावला नाही, आणि शेवटच्या फेरीत भडका उडाला. पहिल्या तिघी तर पाव सेकंदाच्याही आत आल्या. अशा शर्यतीला डावपेचांची शर्यत म्हणतात. तिथे घड्याळाला अर्थ नसतो, कोण कुणाच्या पुढे एवढाच अर्थ असतो. एक आकडा मात्र लक्षात ठेवा, ९:१९.११. तो पुढे पुन्हा येणार आहे.

२०१६ उजाडलं आणि ललिता-सुधाची रस्सीखेच सुरू झाली. दिल्लीत फेडरेशन कप या राष्ट्रीय स्पर्धेत ललिताने विक्रम ९:२७.०९ वर आणला. काही दिवसांतच, मे महिन्यात, सुधाने शांघायला डायमंड लीग या अव्वल आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेत ९:२६.५५ पळून तो हिसकावला. सरावाला एकत्र, विक्रमाच्या बाबतीत एकमेकींच्या मानगुटीवर. अशी जोडी एका देशाला एकाच वेळी मिळणं हा योगच म्हणायचा.

१३ ऑगस्ट २०१६, रिओ, हीट. प्रत्येक हीटमधल्या पहिल्या तिघी थेट फायनलला, बाकीच्यांतून सहा जणी वेळेच्या जोरावर. अशा वेळी डावपेच करत बसलं तर नुकसान आपलंच, कारण चौथीला घड्याळच वाचवतं. ललिता चौथी आली. वेळ ९:१९.७६. आपल्या आधीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा सात सेकंदांहून अधिक चांगली, ऑलिम्पिकच्या पहिल्याच शर्यतीत. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषा ४०० मीटर हर्डल्सच्या फायनलमध्ये धावली होती आणि एका शतांश सेकंदाने कांस्य हुकलं होतं. त्यानंतर धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिम्पिक फायनल गाठणारी पहिली भारतीय बाई ललिता. ३२ वर्षांनी.

आता तो आधीचा आकडा काढा. आदल्या वर्षी जगज्जेती ९:१९.११ मध्ये झाली. या वर्षी ललिता हीटमध्ये ९:१९.७६ पळाली. फरक ०.६५ सेकंद. याचा अर्थ ललिता जगज्जेतीच्या बरोबरीची झाली असा मुळीच नाही. कियेंग पेटून पळाली असती तर बीजिंगलाही कितीतरी लवकर पोचली असती. पण मोहीची मुलगी जागतिक फायनलच्या हवेत सहज श्वास घेऊ शकते, एवढा अर्थ नक्की आहे.

आणि इंचिऑनच्या ललिताशी तिची तुलना करा. ९:३५.३७ वरून ९:१९.७६, दोन वर्षांच्या आत १५.६१ सेकंद. ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून मीटरमध्ये सांगतो. रिओच्या हीटमध्ये ती सेकंदाला साधारण ५.३६ मीटर पळत होती, म्हणजे १५.६१ सेकंदांत जवळपास ८४ मीटर. ४०० मीटरच्या प्रमाणित ट्रॅकची सरळ बाजू किती असते? ८४.३९ मीटर! रिओची ललिता रेषा ओलांडते आहे आणि इंचिऑनची ललिता अजून शेवटचं वळण घेऊन सरळ बाजूवर येते आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आणा.

फायनल दोन दिवसांनी. त्यात १८ जणी होत्या, ठरल्यापेक्षा जास्त. कारण एका हीटमध्ये धक्काबुक्की होऊन इथिओपियाच्या एतेनेश दिरोचा बूट निघाला. तिने तो घालायचा प्रयत्न केला, जमला नाही, मग बूट आणि मोजा दोन्ही भिरकावून ती उघड्या पायाने तशीच पळाली, पाण्यातूनसुद्धा. तक्रारीनंतर तिला आणि आणखी दोघींना फायनलला घेतलं. इतक्या जणी एका अडथळ्यावर येणार म्हणजे गर्दी आणखीच.

जेबेट त्या वेळी अवघी १९ वर्षांची. तिने सुरुवातीपासून असा वेग लावला की डावपेचांचा प्रश्नच मिटला. ८:५९.७५, सुवर्ण. कियेंग ९:०७.१२, अमेरिकेची एमा कोबर्न ९:०७.६३. ललिता दहावी, ९:२२.७४. हीटपेक्षा तीन सेकंद जास्त, आणि यात नवल काही नाही. जिने फायनल गाठण्यासाठी हीटमध्येच आयुष्यातली सर्वोत्तम शर्यत पळली, तिच्या पायांत अठ्ठेचाळीस तासांनी काय उरणार? पहिल्या फळीच्या धावपटू हीटमध्ये राखून पळतात. ती ऐपत आपल्याकडे अजून नव्हती. माझ्या मते रिओतली ललिताची खरी फायनल १३ तारखेला झाली होती, आपण ती टीव्हीवर पाहिली नाही एवढंच. आपण १५ तारखेला पाहिली ती तिच्या दमलेल्या पायांची शर्यत, आणि त्यातही तिने आठ जणींना मागे ठेवलं.

जेबेटची पुढची गोष्ट दुःखद आहे. रिओनंतर दोन आठवड्यांतच तिने पॅरिसमध्ये ८:५२.७८ चा विश्वविक्रम केला, पण पुढे ईपीओ या रक्तपेशी वाढवणाऱ्या बंदी असलेल्या द्रव्यासाठी पकडली गेली आणि चार वर्षांची बंदी आली. उटीच्या विरळ हवेत शरीर महिनाभरात जे काम करतं, ते इंजेक्शनने करून घेण्याचा हा प्रकार. तो दोषी नमुना रिओनंतरचा असल्यामुळे तिचं ऑलिम्पिक सुवर्ण कायम राहिलं.

ललिताला २०१६ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये लग्न झालं. रिओची उंची तिने पुन्हा गाठली नाही, आणि पुढे ती महाराष्ट्राच्या महसूल खात्यात उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाली. ज्या कारकिर्दीबद्दल आपण एवढं बोलतोय, ती स्टीपलचेसपुरती जानेवारी २०१४ ते ऑगस्ट २०१६ एवढीच, अडीच-पावणेतीन वर्षांची. मला याची कधी कधी चुटपुट लागते. स्टीपलचेसमध्ये २७ हे काही थांबायचं वय नाही, सुधाने तर बत्तिशीत, २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये रौप्य आणलं. पण वर्षातले बहुतेक महिने शिबिरात काढायचे, दुखऱ्या पायांनी पाण्यात उड्या मारायच्या, हे किती वर्षं करावं हे बाहेरून सांगणारे आपण कोण?

९:१९.७६ हा विक्रम सात वर्षं टिकला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत मेरठकडच्या पारुल चौधरीने तो मोडला, ९:१५.३१. आणि त्या शर्यतीत तिचा नंबर? अकरावा. भारताच्या इतिहासातली तोवरची सर्वांत वेगवान स्टीपलचेस, आणि नंबर अकरावा. पारुलने तीच वेळ २०२५ मध्ये गुमीच्या आशियाई स्पर्धेत ९:१२.४६ पर्यंत खाली आणली. इकडे पुरुषांमध्ये बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिक फायनलमध्ये उतरला. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय, आणि काही काळ त्याचेही गुरू स्नेसारेवच होते. २०२१ मध्ये पतियाळाला ते वारले. माण आणि आष्टी, दोन्ही तालुके पावसाची वाट बघणारे, आणि दोघांनी नाव काढलं ते पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारून. यात काही कार्यकारणभाव शोधू नये, पण नजरेतून सुटतही नाही.

काकांना मी हे सगळं एकदा सांगितलं. ते म्हणाले, "एवढं कोण लक्षात ठेवणार? बघायचं काय ते सांग." तेही रास्त आहे. तर पुढची स्टीपलचेस बघताना पहिल्या तीन फेऱ्या चहा घ्या. चौथीपासून कॅमेरा पाण्याच्या खड्ड्यावर आला की कोण कुठे टेकतंय ते बघा. जिचा पाय दर फेरीला खड्ड्याच्या खोल बाजूकडे सरकत चाललाय, ती मागे पडणार, मग आत्ता ती कितव्या नंबरावर का असेना. शेवटच्या पाण्यानंतर साधारण दीडशे मीटर उरतात आणि एकच अडथळा. तिथे जी पाण्यातून बाहेर पडताना खाली न बघता समोर बघते, तिच्यावर नजर ठेवा.